वीस थेंब, साखरेवर

माझ्या दुकानात हृदयाचं औषध सगळ्यात जास्त खपतं.
तपकिरी बाटली, रबरी बूच, व्हॅलेरियनचा कुबट वास.
दरीच्या दोन्ही अंगांनी माणसं येतात,
नखांत मँगनीजची काळी रेघ घेऊन,
छातीवर हात ठेवून म्हणतात,
"मझिया, हृदयाचं दे काहीतरी."

मी देते. वीस थेंब, साखरेच्या खड्यावर.
हृदय ठणठणीत आहे हे मला ठाऊक असतं.
त्यांनाही.

जुम्बेरचा आलेख मी स्वतः पाहिलाय,
शाळकरी पोरानं गिरवलेल्या कित्त्यासारखा, एकसारखा, नेटका.
काही नाही, म्हणाले डॉक्टर.
ते 'काही नाही' घेऊन तो तीन वर्षं
रात्रपाळीनंतर स्वतःच्याच पायऱ्यांवर बसतो,
दार न वाजवता.
बोगद्याचं छत खाली आलं तेव्हा
ओतियाचा हात त्याच्या हातात होता.
फक्त हात, असं लोक म्हणतात.
मी विचारलं नाही.

आमच्या रोपवेचा डबा म्हातारा आहे.
वीज गेली की सात-आठ माणसं अधांतरी लटकतात,
खाली काळी नदी.
मग अख्खा जॉर्जिया लोटल्यासारखी गर्दी होते काठावर,
कोणी नावं घेऊन हाका मारतं,
कोणी चाक हातानं फिरवू लागतं.
असा टांगणीला लागलेला जीव सगळ्यांना दिसतो.

कुताइसीत एक बाई आहे म्हणे, मनाचं ऐकणारी, त्यातलं शिकलेली.
मी पावतीच्या पाठीवर हिशेब मांडला:
तासाचे शंभर लारी.
गाडीभाडं जाऊन-येऊन वीस.
बुडालेली पाळी, साठ.
एकदा जाऊन भागत नाही, म्हणून गुणिले बारा.
जुम्बेरनं आकडा पाहिला,
कागदाची नीट घडी घातली, खिशात ठेवली,
आणि विचारलं, "थेंबांचे किती?"
अडीच लारी.

मागच्या हिवाळ्यात सरकारी दवाखान्यात
ग्वान्त्सा नावाची पोरगी यायची, दर गुरुवारी, फुकट.
लसींच्या फ्रिजशेजारी दोन खुर्च्या मांडून बसायची.
तीन गुरुवार चिटपाखरू फिरकलं नाही.
चौथ्या गुरुवारी शाळेची स्वयंपाकीण लामारा आत गेली,
फ्रिज बघायला आल्यासारखी,
आणि डोळे सुजवून बाहेर आली, चालणं मात्र हलकं.
बर्फ वितळेपर्यंत बाहेरचा बाक पुरेना.
जुम्बेरनंही नाव घातलं. मेचा दुसरा गुरुवार.
एप्रिलमध्ये पैसे संपले.
कोणाचे, ते आम्हाला कधीच कळलं नाही.
खुर्च्या आहेत अजून. एकीवर बँडेजची खोकी.

काल बंद करायच्या वेळी तो आला.
थेंब मागितले नाहीत.
म्हणाला, "तो हात गरम होता, मझिया. कितीतरी वेळ."

मी शटर अर्धं ओढलं. चहा ठेवला. तासभर ऐकलं.
लोक म्हणतील, बघ, एवढंच तर लागतं, आपलं माणूस.
नाही.
एका जागी तो थांबला, माझ्याकडे पाहिलं,
डब्यातला माणूस चाकाजवळच्या माणसाकडे पाहतो तसं,
आणि तिथे काय बोलायचं असतं
ते मला कोणी शिकवलेलं नाही.
मी साखरेचा डबा पुढे सरकवला.
त्यानं एक खडा घेतला, माझं मन राखायला.

आज महिन्याची मागणी भरते आहे.
कापूस. आयोडीन. तापाच्या गोळ्या.
व्हॅलेरियन चाळीस. खोडून साठ.
आणि शेवटी, 'इतर'च्या रकान्यात,
शिकलेलं माणूस, नग एक.
गुरुवारी. पायी जाण्याच्या अंतरावर.
आम्हाला परवडेल अशा किमतीत.

गेल्या खेपेला गोदामातून फोन आला होता,
बाई, 'इतर'मध्ये कंगवे, साबण, दाढीची पाती येतात.
कंगवे नकोत, म्हटलं.
ओळ तेवढी खोडू नका.